स्टेप्स न दाखवणारी मुलं

‘वॉरगेम्स’ (१९८३) या सिनेमात जगाला अणुयुद्धाच्या तोंडातून परत आणणारा मुलगा जीवशास्त्रात नापास झालेला असतो. डेव्हिड लाइटमन, सिएटलमधला शाळकरी पोरगा. वर्गात सरांना आगाऊ उत्तर देतो आणि त्याची रवानगी ऑफिसात होते. घरी मात्र त्याच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मोडेम आहे, आणि त्यावर तो रात्र रात्र बसतो. नव्या गेम्सच्या शोधात तो नकळत अमेरिकी लष्कराच्या एका अशा कॉम्प्युटरमध्ये शिरतो, ज्याच्या हातात क्षेपणास्त्रं डागण्याचा निर्णय सोपवलेला आहे. तिथे तो युद्धाचा ‘खेळ’ सुरू करतो आणि उरलेला सिनेमा तो खेळ थांबवण्यात जातो. दिग्दर्शक जॉन बॅडम, नायक मॅथ्यू ब्रॉडरिक. शेवटी जग वाचतं. जीवशास्त्राचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला तो न विचारलेला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मी ज्या धंद्यात आहे तिथे हुशार, कॉम्प्युटरवेड्या आणि शाळेत मार्क न मिळवणाऱ्या मुलाची गोष्ट लोककथेसारखी सांगितली जाते. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कॉलेज अर्धवट सोडलेल्या एखाद्या संस्थापकाचं नाव घेतो, दुसरा ‘थ्री इडियट्स’मधला संवाद म्हणतो, आणि सगळे माना डोलावतात. मान डोलावणाऱ्यांत बहुतेक सगळे बारावीला नव्वदच्या आसपास मिळवून आलेले असतात, हा भाग वेगळा. या लोककथेची तीन ठळक रूपं मला दिसतात. पहिल्यात हा मुलगा गुन्हेगार असतो, दुसऱ्यात हुतात्मा, तिसऱ्यात छुपा टॉपर. विद्यार्थी म्हणून त्याच्याकडे तिन्हींत क्वचितच पाहिलं जातं. गंमत म्हणजे या सगळ्या परंपरेची सुरुवात ज्या सिनेमापासून मानली जाते, त्या ‘वॉरगेम्स’मध्येच तो विद्यार्थी अगदी स्पष्ट दिसतो.

सिनेमातला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला प्रसंग मार्क बदलण्याचा. डेव्हिड घरून मोडेमवरून शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि जेनिफर या मैत्रिणीचा ‘एफ’ पुसून तिथे ‘सी’ टाकतो. तिला ते आवडत नाही, ती परत पूर्वीसारखं करायला लावते. हा प्रसंग हॅकिंगची करामत म्हणून सांगितला जातो, पण यात करामत काहीच नाही. पासवर्ड शाळेच्या ऑफिसातल्या टेबलाशी एका कागदावर लिहून ठेवलेला असतो. जुने पासवर्ड खोडलेले, शेवटचा चालू. शिक्षा म्हणून ऑफिसात पाठवलेला मुलगा तिथे बसून तो वाचून घेतो, एवढंच. शाळेने या मुलाला ज्या एकमेव जागी पुन्हा पुन्हा बसवलं, त्या जागेचा त्याने अभ्यास केला. आणि पडद्यावर ‘एफ’चा ‘सी’ होताना आपल्याला कळतं की वर्षभराचं ओझं म्हणजे शेवटी एका तक्त्यातला एक रकाना आहे. १९८३ साली हे कळणं नवीन होतं. आज निकालाच्या दिवशी बोर्डाची साइट उघडत नाही म्हणून घामाघूम होणाऱ्या घराला ते वेगळं सांगावं लागत नाही.

मला जास्त मोलाचा वाटतो तो नंतरचा, फारसा कुणी न सांगितलेला भाग. लष्कराच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्यासाठी डेव्हिडला पासवर्ड हवा असतो. तो यंत्र बनवणाऱ्या फॉल्कन नावाच्या शास्त्रज्ञाचा माग काढतो. ग्रंथालयात जातो, जुने लेख काढतो, चित्रफिती बघतो, दिवसेंदिवस त्या माणसाच्या आयुष्यात बुडून राहतो. शेवटी पासवर्ड सापडतो तो गणितातून नव्हे. फॉल्कनच्या मेलेल्या मुलाचं नाव हाच पासवर्ड असतो. म्हणजे ज्याला वर्गात चाळीस मिनिटं बसवत नाही, तो मुलगा इथे संदर्भ जमवतोय, ते ताडून बघतोय, एका अनोळखी माणसाच्या दुःखापर्यंत पोचतोय. याला अभ्यास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? फरक इतकाच की प्रश्न त्याचा स्वतःचा आहे आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे सांगायला कुणा सरांची गरज नाही. दार उघडतं किंवा उघडत नाही.

आणि शेवट. यंत्राला युद्ध थांबवायला सांगून ते ऐकत नाही. मग डेव्हिड त्याला स्वतःविरुद्धच फुल्ली-गोळा खेळायला लावतो. यंत्र खेळतं, डाव बरोबरीत सुटतो. पुन्हा खेळतं, पुन्हा बरोबरी. हजारो डावांनंतर त्याला उमगतं की दोन्ही बाजू नीट खेळल्या तर हा खेळ कुणालाच जिंकता येत नाही. मग तेच ते अणुयुद्धाच्या प्रत्येक शक्यतेवर करून बघतं आणि थांबतं. सिनेमाचा कळसाध्याय असा चक्क शिकवण्याचा आहे. नापास मुलगा यंत्राला शिकवतो, आणि ज्या पद्धतीने शिकवतो ती त्याच्या वाट्याला शाळेत कधीच आलेली नाही: हवं तितक्या वेळा चूक, एकाही चुकीची नोंद गुणपत्रिकेत नाही.

*

वास्तवात मात्र या मुलांकडे असं पाहिलं गेलं नाही. सिनेमा आला त्याच वर्षी मिलवॉकी शहरातल्या काही तरुण पोरांची टोळी पकडली गेली. तिथल्या टेलिफोन कोडवरून ही मुलं स्वतःला ‘४१४’ म्हणवत. त्यांनी मोडेमवरून लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेच्या आणि न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमध्ये प्रवेश मिळवला होता. त्यांतला सतरा वर्षांचा एक मुलगा ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर झळकला आणि अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीलाही बसला. तिकडे अध्यक्ष रेगन यांनी कॅम्प डेव्हिडला ‘वॉरगेम्स’ पाहिला आणि असं खरंच घडू शकतं का, असं आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारलं. उत्तर ‘घडू शकतं’ असं आलं. १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा आदेश निघाला, आणि १९८६ मध्ये कॉम्प्युटरमधल्या अनधिकृत प्रवेशाविरुद्धचा, आजही लागू असलेला कायदा आला.

हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमध्ये गंमत म्हणून शिरलेल्या मुलाचं कौतुक रुग्णाच्या नातेवाइकाने करावं, अशी अपेक्षा कुणी करू नये. पण एका सिनेमातून कायद्याचा धडा इतक्या वेगाने घेतला गेला आणि शिक्षणाचा धडा तिथेच पडून राहिला, हे नोंदवून ठेवायला हवं.

हुतात्म्याचं रूप आलं ते याच काळात. ८ जानेवारी १९८६ ही तारीख टाकून, ‘द मेंटर’ या टोपणनावाने लॉइड ब्लँकनशिप या तरुणाने ‘द कॉन्शन्स ऑफ अ हॅकर’ हा छोटा निबंध लिहिला. नुकतीच त्याला अटक होऊन गेली होती. ‘फ्रॅक’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक मासिकात तो छापून आला आणि पुढे ‘हॅकरचा जाहीरनामा’ म्हणून जगभर फिरला. आमच्या क्षेत्रातल्या कित्येकांनी तो पंधरा-सोळाव्या वर्षी वाचलेला असतो. मीही वाचला तो त्याच वयात, सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून.

निबंधाचा मोठा भाग कॉम्प्युटरविषयी नाहीच, तो शाळेविषयी आहे. वर्गात बाई तेच ते अपूर्णांक परत परत समजावतायत. मुलाला ते केव्हाच कळलंय. त्याने उत्तर लिहिलंय, पण स्टेप्स दाखवलेल्या नाहीत, कारण गणित त्याने डोक्यात केलं. म्हणून संशय: कुणाचं तरी बघून लिहिलं असणार. असल्या शाळेत भूक मारून बसलेल्या मुलाला एक दिवस कॉम्प्युटर भेटतो, आणि तो त्याच्यावर संशय घेत नाही. चूक झाली तर ती माझी, यंत्राला मी आवडत नाही म्हणून नव्हे, हे त्याला पहिल्यांदा जाणवतं. हा त्या निबंधाचा गाभा, आणि चाळीस वर्षांनंतरही तो खरा वाटतो. ज्याने पहिला प्रोग्रॅम चालवून बघितलाय त्याला ती न्यायाची भावना आठवत असेल. कंपायलर पन्नास चुका दाखवतो, पण वडलांना फोन करत नाही.

संशयाची तक्रार खोटी नव्हती याचा पुरावा त्याआधीच्या पिढीत सापडतो. स्टीव्हन लेव्हीच्या ‘हॅकर्स’ (१९८४) या पुस्तकात बॉब वॅग्नर या एमआयटीच्या विद्यार्थ्याचा किस्सा आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला आकडेमोडीचा गृहपाठ होता आणि तो टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर करायचा होता. त्याने त्याऐवजी लाखो डॉलरच्या कॉम्प्युटरला कॅल्क्युलेटरसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅमच लिहिला, त्याला ‘महागडा टेबल-कॅल्क्युलेटर’ असं नाव दिलं आणि त्यावर गृहपाठ करून दिला. त्याला शून्य मिळालं. कॉम्प्युटरने काढलेलं उत्तर बरोबर असूच कसं शकेल, असं प्राध्यापकांचं म्हणणं. गृहपाठाच्या कितीतरी पट काम करून शून्य!

तरीही जाहीरनाम्याशी माझं एका ठिकाणी भांडण आहे. स्टेप्स मागणं हा त्यात सरसकट अपमान ठरवला गेलाय. बाईंचा संशय अपमानास्पद आहे, मागणी नाही. मी रोज जे काम करतो त्यात उत्तर बरोबर येणं ही निम्मी गोष्ट असते. उरलेली निम्मी म्हणजे ते कसं आलं हे दुसऱ्याला वाचता येईल असं मांडणं. मी लिहिलेला कोड सहकारी तपासतो, प्रश्न विचारतो, आणि ‘मी डोक्यात केलं’ हे उत्तर तिथे चालत नाही. कारण दोन वर्षांनी रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडेल तेव्हा माझं डोकं तिथे नसेल. स्टेप्स दाखवणं हे खरं तर दुसऱ्या माणसाची कदर करणं आहे. शाळेचा गुन्हा हा की हे कारण ती कधी सांगत नाही. तिथे स्टेप्सचा संबंध मार्कांशी असतो: स्टेपला एक, उत्तराला एक. मग हुशार मुलगा हिशेब करतो की तो एक मार्क आपल्याला नको. पुढे इंजिनिअरिंगला गेला की तोच मुलगा आधी चाललेला प्रोग्रॅम जर्नलमध्ये निळ्या पेनाने हाताने उतरवून काढतो, आउटपुटसकट. त्यात ना यंत्राचा न्याय असतो ना वाचकाची कदर. टर्मवर्कचे मार्क मात्र असतात.

*

आपल्याकडे ही गोष्ट आली ती तिसऱ्या रूपात. राजकुमार हिरानी यांचा ‘थ्री इडियट्स’ (२००९) मार्कांविरुद्धचा सिनेमा म्हणून ओळखला जातो. रँचो घोकंपट्टीची टर उडवतो, यंत्रं उघडून बघतो, शिकवणाऱ्यांना उलट प्रश्न विचारतो. आणि निकाल लागतो तेव्हा पहिला येतो. डेव्हिड लाइटमनला नापास व्हायची मुभा होती. रँचोला ती नाही. आपल्या प्रेक्षकाला मार्कांची चेष्टा चालते, पण ती करण्याचा हक्क पहिल्या नंबरालाच. शेवटी तर चतुर ज्या पट्टीने माणसं मोजतो, त्याच पट्टीवर, म्हणजे चारशे पेटंट्स आणि कंत्राटावरची सही, फुनसुख वांगडू त्याला हरवतो. पट्टी कायम राहते, फक्त तिच्या वरच्या टोकाला वेगळा माणूस येतो. महेश मांजरेकरांच्या ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) मध्ये मार्कांत मागे असलेला मुलगा क्रिकेटमध्ये चमकतो. तिथेही त्याच्या बचावाला दुसरा स्कोअरबोर्ड लागतोच.

‘थ्री इडियट्स’मध्ये आपल्या विषयातला खरा मुलगा आहे तो जॉय लोबो. कॅमेरा बसवलेलं उडतं यंत्र बनवण्याच्या नादात त्याची मुदत चुकते. तो वेळ मागतो, मिळत नाही. ‘या वर्षी तुमचा मुलगा पदवीधर होणार नाही’ असा फोन थेट वडलांना जातो. रँचो त्याचं यंत्र दुरुस्त करून उडवतो, ते खिडकीशी पोचतं आणि कॅमेऱ्यात जॉयचं लटकलेलं शरीर दिसतं. प्रसंग जबरदस्त आहे. पण त्यानंतर सिनेमा जॉयला विसरतो. त्याचा मृत्यू रँचोच्या भाषणाला कारण पुरवतो आणि कथा पुढे सरकते. मला प्रश्न पडतो तो असा: जॉयचं यंत्र उडालंच नसतं तर? मुळात कल्पनाच फसली असती तर? तेव्हाही त्याला आणखी एक सत्र मिळायला हवं होतं, असं म्हणायची सिनेमाची तयारी दिसत नाही. यंत्र उडतं, म्हणून जॉयवर अन्याय झालेला असतो. म्हणजे जगण्याचा हक्कही प्रोजेक्ट चालण्यावर टेकवलेला.

ही समीक्षकी कुरकूर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत; राज्यांत सर्वांत वर महाराष्ट्र, १,७६४. प्रत्येकामागे परीक्षाच असते असं नाही, कारणं अनेक असतात. पण या मुलांत किती ‘जीनियस’ होती हा प्रश्न विचारणंसुद्धा विकृत ठरेल, एवढं आपल्याला कळायला हवं. आणि नेमका तोच प्रश्न आपल्या गोष्टी विचारत असतात.

त्याच सिनेमात एक गोष्ट सूचकपणे येऊन जाते. रँचो खरा माळ्याचा पोरगा, आणि शिकतो मालकाच्या मुलाच्या नावावर. पदवी मालकाच्या घरी जाते. हुशारी दिसायला आधी जागा लागते, हे हा धागा सांगून जातो. डेव्हिडच्या खोलीत १९८३ साली कॉम्प्युटर होता. जेनिफरच्या खोलीत होता का, हे सिनेमा दाखवतही नाही. या परंपरेत मुलगी बहुधा मार्क बदलून घेण्यापुरती येते. वास्तव याबाबतीत सिनेमांच्या पुढे गेलंय. मुंबईतली एक मुलगी सातवीनंतर शाळेत गेली नाही. तिच्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, पण प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली, आणि २०१६ मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. आयआयटीचं दार तिला बंद होतं, कारण तिथे बारावी लागते. बातमी आनंदाची होती. पण पदकं नसती तर ती बातमी नसती, आणि एमआयटीही नसतं.

पदकं नसलेला एक मुलगा माझ्या अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये होता. मार्कांवरून बॅचेस लागायच्या, तो कायम शेवटच्या बॅचला. वरच्या बॅचची निम्मी मुलं मात्र फोन त्याच्याकडे द्यायची. तो ते रूट करून द्यायचा, नवी रॉम टाकून द्यायचा, आणि बंद पडलेल्या फोनची अंत्ययात्रा निघायच्या आत त्याला उठवायचा. त्यासाठी तो रात्री इंग्रजीतल्या लांबलचक चर्चा वाचायचा. इंग्रजीच्या पेपरात त्याला पस्तीसच्या आसपास पडायचे. बारावीला केमिस्ट्री राहिली. आज त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, मदरबोर्डवरची चिप काढून बसवण्यापर्यंतचं काम तो स्वतः करतो. त्याचं बरं चाललंय. त्याने पेटंट घेतलं नाही, जग वाचवलं नाही, तो तुरुंगातही गेला नाही. त्याच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. मी त्याच्याविषयी लिहितोय कारण ही लोककथा ज्यांच्या नावाने सांगितली जाते, त्यांच्यातले बहुसंख्य याच्यासारखेच असतात, आणि गोष्टीत नेमकी त्यांनाच जागा नाही. आमच्या क्षेत्रातल्या भरतीत ‘दहावीपासून सलग साठ टक्के’ ही चाळण कॉम्प्युटरच लावतो. जेवणाच्या सुट्टीत रँचोचे संवाद म्हणणारे आम्ही त्याचा अर्ज कधी बघतच नाही.

*

या मुलाकडे विद्यार्थी म्हणून पाहायचं म्हणजे काय, याचं उत्तर ‘वॉरगेम्स’च्या तीन वर्षं आधी एका पुस्तकात येऊन गेलं होतं. सीमूर पॅपर्टच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) मध्ये. लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा बनवणाऱ्यांपैकी पॅपर्ट एक. त्याचं निरीक्षण असं की शाळेत मूल चूक लवकरात लवकर विसरायला शिकतं, कारण चूक म्हणजे लाल खूण. प्रोग्रॅम लिहिताना तेच मूल चुकीकडे निरखून बघतं, कारण ती समजल्याशिवाय कासव हव्या त्या दिशेला वळत नाही. आमच्या भाषेत ‘बग’. बग सापडला की तो कुठून आला हे शोधतात. बग असलेल्या माणसाला खालच्या तुकडीत पाठवत नाहीत.

मराठीत या विचाराच्या सर्वांत जवळ पोचलेला सिनेमा कॉम्प्युटरचा नाहीच. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) मध्ये ‘ढ’ ठरवलेल्या तुकडीतली मुलं रागाच्या भरात शाळेत मोडतोड करतात, आणि मग एका शिक्षकाच्या साथीने ते नुकसान स्वतः कमावून भरून द्यायच्या मागे लागतात. मोडलं, ते कसं दुरुस्त करायचं याचा हिशेब मांडला, कामाला लागले. या मुलांत कुणी छुपा टॉपर निघत नाही, कुणी जग वाचवत नाही. त्यांना दुरुस्तीची संधी मिळते आणि ती त्यांनी हुशारीच्या बळावर कमावलेली नसते. मला हा सिनेमा ‘थ्री इडियट्स’पेक्षा धीट वाटतो तो याच कारणाने.

म्हणून आता एखाद्या मुलाविषयी ‘हुशार आहे हो, पण मार्क पडत नाहीत’ असं कुणी सांगितलं, की तो खरंच किती हुशार आहे हा पुढचा प्रश्न मला टाळावासा वाटतो. त्या प्रश्नात एक धमकी दडलेली असते: पुरेसा हुशार नसलास तर मग नापासच बरोबर. त्यापेक्षा तो रात्री काय करत बसतो, कुठे अडलाय आणि पुन्हा करून बघायला त्याला किती वेळा मिळणार आहे, हे विचारावं. डेव्हिड लाइटमनने यंत्राला हजारो डाव दिले होते. जीवशास्त्राच्या सरांनी त्याला दुसरा डाव दिला असता, तर कदाचित त्या पेशी-विभाजनातही त्याला काहीतरी सापडलं असतं. नसतं सापडलं, तरी डाव द्यायला हरकत नव्हती.